मोगऱ्याइतकं पांढरं

परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही रोज सकाळी बॅग घेऊन निघता, तुमचं नक्की काम काय हो?"

"लोकांच्या टीव्हीतलं चित्र नीट लावून देतो."

"म्हणजे बिघडलेले टीव्ही दुरुस्त करता?"

"नाही. चालू टीव्ही."

"कशाने? रिमोटने?"

"हो, रिमोटनेच."

"रिमोट तर आमच्याकडेही आहे," असं म्हणून त्या तिसऱ्या मजल्यावर उतरून गेल्या.

त्यांचं काही चुकलं नाही. माझ्या कामाला नाव नाही, दुकान नाही. बॅगेत एक पेन ड्राइव्ह, एक मऊ फडकं, एक टॉर्च आणि वाचायचा चष्मा. एवढ्यावर मी वसई-विरारमध्ये घरोघरी फिरतो आणि लोकांचे चेहरे माणसांच्या रंगाचे करून देतो.

सुरुवात मात्र स्क्रू ड्रायव्हरने झाली. वालीवला एका छोट्या कारखान्यात पिक्चर ट्यूबचे टीव्ही जुळवायचे. तिथे मी शेवटच्या टेबलावर होतो. टीव्हीच्या पाठीमागे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे तीन बारीक स्क्रू असायचे. ते कमी-जास्त पिळून पांढरा रंग खरोखर पांढरा करायचा, हे माझं काम. आता स्क्रू मागे आणि काच पुढे, म्हणून समोर एक मोठा आरसा उभा केलेला असायचा. हात मागे, नजर आरशात. माझी उमेदीची सगळी वर्षं मी टीव्ही असा उलटा बघितला. बायको चेष्टेने म्हणायची, "तुम्हाला सगळे क्रिकेटपटू डावखुरेच वाटत असतील."

पुढे सपाट टीव्ही आले आणि कारखाना बंद पडला. मग मी वसई पूर्वेला दुरुस्तीचं दुकान टाकलं. काही वर्षांनी दुरुस्ती म्हणजे जुना बोर्ड काढून नवा बसवणं एवढंच उरलं. त्यात माझ्या डोळ्याला काही काम नव्हतं. दुकान दुसऱ्याला दिलं आणि बॅग घेतली.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीव्ही दुकानातून घरी येतो तेव्हा तो दुकानाच्या झगझगीत उजेडात उठून दिसेल असा भडक आणि निळसर लावलेला असतो. शेजारच्या दहा टीव्हींशी त्याची स्पर्धा असते. घरी त्याला स्पर्धक नसतो, पण तो भडकच राहतो. मैदान पोपटी, टोमॅटो गुलाबी आणि बातम्या देणारी बाई आजारी. मग माणूस रिमोट घेतो, ब्राइटनेस वाढवतो आणि चित्र धुरकट करून ठेवतो. कारण ब्राइटनेस या शब्दावर जाऊ नये. त्या खुंटीने (मेनूतल्या आकड्यांना मी अजून खुंट्याच म्हणतो) काळा रंग किती काळा दिसावा ते ठरतं. ती फार वर गेली की काळे केस राखाडी होतात, फार खाली गेली की केसांच्या बटा जाऊन नुसता काळा टोप दिसतो. पांढऱ्याची काळजी कॉन्ट्रास्ट घेतो. शर्ट पांढरा दिसायला हवा आणि त्याच्या चुण्याही दिसायला हव्यात. खरा उजेड बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा. आणि सगळ्यात आत, चार मेनू ओलांडून गेलं की, आमच्या त्या तीन स्क्रूंची नातवंडं बसलेली असतात: लाल, हिरवा, निळा. तिथे सहसा कोणी जात नाही. मी जातो.

कधीकधी तिथे जाऊनही उपयोग होत नाही. एव्हरशाईन सिटीत बँकेतून निवृत्त झालेले एक जोशीसाहेब राहतात. त्यांच्या टीव्हीत अंधार. सगळ्या खुंट्या शंभरावर नेलेल्या, तरी चित्र संध्याकाळच्या देवळासारखं. दोन मेकॅनिक पडदा गेला म्हणून सांगून गेलेले. मी वीस मिनिटं मेनू उपसत होतो. साहेब मागे हात बांधून उभे. तेवढ्यात त्यांच्या पत्नी फडकं घेऊन आल्या, "जरा सरका" म्हणाल्या आणि टीव्हीसमोरचा पितळी हत्ती उचलून पुसायला लागल्या. दोन-चार सेकंदांत चित्र हळूहळू उजळलं.

"बघा!" त्या साहेबांना म्हणाल्या. "मी रोज सांगते, धूळ बसलीय. पुसलं की उजळतो की नाही?"

टीव्हीच्या खालच्या पट्टीत खोलीतला उजेड मोजणारा एक डोळा असतो. खोली अंधारली की तो दिवे मंद करतो. हत्ती बरोबर त्या डोळ्यासमोर उभा होता, त्यामुळे टीव्हीला वाटायचं की कायमच अंधार पडलाय. मी म्हटलं, हत्ती अर्धा फूट डावीकडे ठेवा. बाई म्हणाल्या, जमणार नाही, त्याची सोंड दाराकडेच हवी. शेवटी मी मेनूत जाऊन तो डोळाच बंद केला. हत्ती आजही तिथेच आहे.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक हसतात आणि मलाही आपण फार हुशार असल्यासारखं वाटतं. म्हणून आता निर्मळ गावातली गोष्ट सांगतो. त्यात मी आधी हुशारी केली आणि त्या हुशारीनेच घोळ झाला.

निर्मळला सुमनकाकी आणि विष्णूकाका राहतात. वयाने माझ्याएवढेच, पण गावात सगळे काका-काकी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. मोगरा आणि केळीची वाडी. पहाटे फुलं तोडायची, काकांनी ती स्कूटरवरून बाजारात न्यायची. काकींचं माहेर खाडीकडच्या भातशेतीच्या गावातलं, त्यामुळे बोलण्यात तिकडचा हेल आणि सगळ्यांना सरसकट अरे-तुरे. त्यांचा एकुलता एक मुलगा नितेश हैदराबादला नोकरीला. काकींना मोबाईलवर त्याचा चेहरा नीट दिसेना, म्हणून त्याने त्रेचाळीस इंची टीव्ही घरी पाठवला. काका मोबाईलचं चित्र टीव्हीवर घ्यायला शिकले. रोज संध्याकाळी सात वाजता नितेश भिंतीवर हजर.

एका मंगळवारी दुपारी काकींचा फोन आला. "दादा, टीव्ही बिघडलाय. नितेश पिवला दिसतोय."

मी गेलो. बघतो तर टीव्ही सिनेमा मोडवर. त्या मोडमध्ये चित्र मुद्दाम थोडं उबदार, पिवळसर झुकतं ठेवलेलं असतं. घरी येऊन गेलेल्या कोणा पाहुण्याने केलं असणार. मला कारण मिळालं. मोड बदलला आणि मी खूश झालो.

"पोराला फोन लावा," मी म्हटलं. "त्याच्या तोंडावरच लावतो."

नितेश आला. दुपारची वेळ, तरी तो खोलीवर होता. काकी म्हणाल्या, "कामावर नाय गेलास?"

"सुट्टी घेतली, आई. जरा अंग दुखतंय."

हे मी ऐकलं. पण माझं लक्ष त्याच्या गालावर होतं. तीन रंगांच्या मेनूत जाऊन मी लाल खाली आणला, निळा वर नेला, हिरवा थोडा उतरवला.

"असा?"

"अजून थोडा."

"असा?"

"हां! आता बघ कसा दिसतो माझा पोर!"

नितेश गुलाबी झाला होता. पलीकडून म्हणाला, "काय चाललंय तुमचं?" सगळे हसलो. मी निघताना काकींनी केळ्यांची एक फणी बॅगेत कोंबली. एसटी स्टॉपवर उभं राहून मी त्यातलं एक केळं खाल्लं. काम चोख झालं असं वाटत होतं.

शनिवारी पुन्हा फोन. "दादा, पोरगा बरा दिसतो, पन बाकी सगलं निलं झालंय. काल टीव्हीवर देवीची पूजा दाखवली. मोगऱ्याला नील घातल्यागत दिसत व्हता. तुझं काय तरी चुकलंय."

मला राग आला. म्हटलं, यांच्याच सांगण्यावरून केलं आणि आता हे. पण मनातून माहीत होतं की चित्र मी खरं केलं नव्हतं, गिऱ्हाइकाला आवडेल असं केलं होतं. दुकानातली सवय. गिऱ्हाईक 'हां' म्हणालं की हात थांबवायचा.

या वेळी ठरवलं, पहिल्यापासून नीट करायचं. सगळ्या खुंट्या मूळ जागी नेल्या. पेन ड्राइव्हमधून नुसता पांढरा पडदा लावला. खिडकी उघडली. काकी ओटीवर बसून मोगऱ्याचा गजरा गुंफत होत्या. त्यांना म्हटलं, "तो गजरा घेऊन या आणि टीव्हीच्या कडेला धरून उभ्या राहा. पडदा आणि मोगरा सारखा दिसला की सांगा."

मी निळा एकेक अंक खाली आणत होतो.

"अजून निला हाय."

"आता?"

"अजून."

मला तर दोन्ही सारखे दिसायला लागले होते. मी थांबलो.

"अरे, थांबलास का? अजून एक," काकी म्हणाल्या. मी एक अंक उतरवला. "आता लाल जास्ती वाटतो. जरासा काढ. हां. हां, बस. आता ही फुलं नि तो पडदा एकाच झाडाचा."

आरशासमोर एवढी वर्षं काढली, पण असा डोळा मी कारखान्यातही पाहिला नव्हता. काकी जन्मभर मोगऱ्याच्या कळ्या निवडत आल्या आहेत. आजची कळी आणि कालची कळी त्यांना रंगावरून कळते. मी बातम्या लावल्या. केस काळे, शर्ट पांढरे, माणसं माणसांसारखी. मी काकांना म्हटलं, "आता याला हात लावू नका."

"नितेशला लाव," काकी म्हणाल्या.

शनिवार असल्याने तो खोलीवरच होता. पडद्यावर आला आणि काकींचा आवाज चढला. "परत पिवला केलास ना याला!"

खरंच होतं. मंगळवारपेक्षाही पिवळा. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. मेनू उघडला, निळ्यावर आलो, अंगठा बटणावर ठेवला. एवढ्यात नितेशच्या खोलीत राहणारा रवी नावाचा मुलगा बनियनवर येऊन त्याच्या शेजारी वाकला आणि "नमस्ते आंटी" म्हणाला. काकींचा रागसुद्धा जरा थांबला, "नमस्ते बाला" म्हणाल्या.

मी दोघांकडे बघत राहिलो. रवीचं बनियन पांढरं होतं. मागची भिंत पांढरी होती. रवी चांगला सावळा होता, जसा माणूस असतो तसा. त्याच पडद्यावर, त्याच उजेडात, एकटा नितेश पिवळा होता.

टीव्ही एकाच माणसाला पिवळा करू शकत नाही. हे मला मंगळवारी कळायला हवं होतं.

"नितेश," मी म्हटलं, "मोबाईल तोंडाजवळ घे. खिडकीकडे तोंड कर. डोळे मोठे कर बघू."

"का, काका?"

"कर रे."

त्रेचाळीस इंचांवर त्याचे दोन डोळे आले. बुबुळाभोवती पांढरं जिथे असायला हवं तिथे हळद होती. काकींच्या हातात अजून गजरा होता. त्यांनी गजऱ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे.

"काकी," मी म्हटलं, "टीव्ही बरोबर आहे."

विष्णूकाका कोपऱ्यात दोऱ्याचं रीळ सोडवत बसले होते. ते एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलतात. ते उठले, पडद्यासमोर आले आणि मुलाला सरळ विचारलं, "लघवी कोणत्या रंगाची होते?"

नितेशने रवीकडे बघितलं, मग खाली. "गडद. कोऱ्या चहासारखी."

"किती दिवस?"

"आठ-दहा."

"आनि मला सांगतोस अंग दुखतंय?" काकींचा आवाज फाटला.

रवी मध्ये पडला. "आंटी, मैं रोज बोलता हूँ डॉक्टर के पास चल। ये बोलता है गर्मी है। खाना भी नहीं खाता।"

"तू घेऊन जा त्याला," काका म्हणाले. "अभी. अभी के अभी. फोन चालू रख." काकांचं हिंदी मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

दोघं उठले. मोबाईल हातातच होता, त्यामुळे आमच्यासमोर भिंतीवर जिना, मग रस्ता, मग रिक्षाचं छत असं सगळं हलत राहिलं. काकी उभ्याच होत्या. दवाखान्याच्या दारात रवीने फोन बंद केला. तासाभराने त्याचा फोन आला. जबर कावीळ. रक्त तपासून डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं होतं. यकृतावर सूज होती. आता उपचार सुरू झालेत, घाबरू नका, पण आणखी अंगावर काढलं असतं तर अवघड झालं असतं, असं म्हणाले होते.

त्याच संध्याकाळी काका-काकी हैदराबादला निघाले. वाडीतली फुलं तोडायचं काम शेजाऱ्यांनी घेतलं. काकी पिशवी भरताना मला म्हणाल्या, "तू टीव्ही बंद करून जा." मी बंद केला आणि थोडा वेळ त्या काळ्या काचेसमोर बसून राहिलो. मंगळवार ते शनिवार, चार दिवस. चार दिवस त्या बाईला आपला मुलगा ठणठणीत दिसत होता, कारण मी तिला तो तसा दाखवला होता. तिने मला दोन शब्दांत दुखणं सांगितलं होतं, 'नितेश पिवला.' मी ते टीव्हीचं दुखणं समजलो.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही काय डॉक्टर आहात?" बरोबर आहे, नाही. पण आयुष्यभर पांढरा रंग ओळखण्याचंच काम केलं, हेही तितकंच बरोबर.

तीन आठवड्यांनी ते नितेशला घेऊन परतले. मी भेटायला गेलो. पोरगा वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. ओटीवर बसून उसाचा रस पीत होता. काकी गजरा गुंफत होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, "काकी, पहिल्या दिवशी मीच तो पिवळेपणा झाकला. तेव्हाच नीट बघितलं असतं तर चार दिवस आधी कळलं असतं."

दोऱ्यात पाच-सहा फुलं गेली. मला वाटलं, आता या घराचं दार आपल्याला बंद.

"मीच नाय का सांगितलं तुला, अजून थोडा, अजून थोडा?" शेवटी त्या म्हणाल्या. "मलाच तो गोमटा बघायचा व्हता." मग नितेशकडे मान वळवून, "नि हा तिकडे तोंड मिटून बसलेला."

"काका, सोडा ना आता," नितेश मला म्हणाला. "मीच फसवत होतो सगळ्यांना. तुम्ही नुसती साथ दिलीत."

विष्णूकाका म्हणाले, "रस घ्या." त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

तेव्हापासून मी एक बदल केलाय. कोणी म्हणालं, अमुक माणूस लाल दिसतो, तमका काळवंडलेला दिसतो, तर मी आधी पांढरा पडदा लावतो. पांढरं पांढरं झालं की मगच माणसांकडे बघतो. काही गिऱ्हाइकं कंटाळतात. एक गृहस्थ तर म्हणाले, "आम्ही भिंत बघायला टीव्ही घेतला नाही." त्यांच्याही पांढऱ्यापासूनच सुरुवात केली.

नितेश दोन महिने घरी राहून परत हैदराबादला गेला. मागच्या आठवड्यात काकींनी बोलावलं होतं. टीव्ही भिंतीवर जरा तिरका झालाय, तो सरळ करायचा होता. काम संपेपर्यंत सात वाजले. काकांनी मोबाईल जोडला, नितेश आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तो सवयीने खिडकीपाशी गेला आणि मोबाईल डोळ्याला लावला. सबंध भिंतीवर एक भला मोठा डोळा उघडला. काकी चष्मा सावरून टीव्हीजवळ गेल्या, डाव्या बाजूने बघितलं, उजव्या बाजूने बघितलं.

"दुसरा."

दुसरा डोळा आला.

"हां. पांढरे हायेत. जेवलास का?"

उत्तर यायच्या आत पडदा हलला आणि तिसराच डोळा भिंतीवर आला. खालची पापणी बोटाने ओढून धरलेली. रवीचा.

"आंटी, मेरा भी देख लो।"

काकींनी त्याचाही तितक्याच बारकाईने तपासला. "अच्छा है. लेकिन जागरन करता है तू. लाल है." मग त्या मागे वळल्या. मी बॅगेची चेन लावत होतो.

"दादा, इकडे ये उजेडात. आता तुझे दाखव."

मी चष्मा काढला.